लाल मोठी की मोठी लाल? इंग्रजी विशेषणांचा गुंता

ताणाबाणा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. नवी पेठेत आमचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे, आजोबांच्या काळापासूनचं. गेल्या महिन्यापासून ऑनलाइन विक्री सुरू केली. तिथं प्रत्येक मालाखाली इंग्रजीत वर्णन टाकावं लागतं. मी चादर समोर अंथरली आणि जसं सुचत गेलं तसं लिहिलं : ‘कॉटन रेड सोलापुरी बिग ब्यूटिफुल टू चादर’.

मुलगी सातवीत आहे, सेमी-इंग्लिशला. तिनं वाचलं आणि तोंडावर हात धरून हसली. ‘पप्पा, सगळं उलटं झालंय.’ पेन घेऊन खाली लिहून दिलं : ‘टू ब्यूटिफुल बिग रेड सोलापुरी कॉटन चादर्स’. मी म्हटलं, असंच का? म्हणाली, असंच असतं. गेल्या चाचणीत तिचाही अशाच एका वाक्यात अर्धा मार्क गेला होता. वहीत नुसती लाल फुली, शेजारी कारण काही नाही.

आता माझा प्रश्न. दुकानात एक बाई येते, ‘लाल मोठी चादर दाखवा’ म्हणते. दुसरी ‘मोठी लाल चादर दाखवा’ म्हणते. मी दोघींपुढे एकाच थप्पीतली चादर टाकतो. दोघी घेऊन जातात, भांडण नाही. मग इंग्रजीलाच एवढा सोवळंओवळं कशाला पाहिजे? कुणी कारणासकट सांगेल का? पोरीला पण सांगायचंय.

कडकभाकरी

शेठ, गिऱ्हाईक फोटो बघतंय अन् किंमत बघतंय. विशेषण कोण वाचतंय बे? वजन किती, रंग जातो का, एवढं लिहा. बाकी पोरीचं पोरीला बघू द्या.

ताणाबाणा

‘रंग जात नाही’ हे लिहिताना पण विशेषणच लागलं ना. पोरीनं त्याला ‘कलरफास्ट’ शब्द दिला.

बाई_जुळे_सोलापूर

शेठ, प्रश्न फार चांगला विचारलात. मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. सुरुवात केली तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं, २००० सालापासून पहिलीपासून आलं. पण हा घोळ तेव्हाही होता, आजही तोच आहे, कारण तो पोरांच्या डोक्यातला नाही, दोन भाषांच्या ठेवणीतला आहे.

आधी आपली मराठी बघा. मोठा टॉवेल, मोठी चादर, मोठं दुकान, मोठ्या चादरी, मोठ्या दुकानात. एकच गुण, पण नाम बदललं की विशेषण अंगरखा बदलतं. लिंग बघतं, वचन बघतं, नामाला विभक्ती लागली तर तीही बघतं. सगळी विशेषणं असं करत नाहीत. ‘लाल’, ‘सुंदर’, ‘हुशार’ ही ढिम्म हलत नाहीत. बदलतात ती मुख्यतः आकारान्त, म्हणजे मोठा, चांगला, काळा, जुना वगैरे.

इंग्रजीत सगळीच विशेषणं ‘हुशार’सारखी. बिग टॉवेल, बिग चादर, बिग शॉप, बिग शॉप्स. नामाला अनेकवचनाचा ‘एस’ लागतो, विशेषणाला लागत नाही. पोरं ‘बिग्ज शॉप्स’ कधी लिहीत नाहीत, पण ‘रिचेस पीपल’ लिहिलेलं मी तपासलंय.

आता गंमत बघा. ही दोन वाक्यं मोठ्यानं म्हणा :

मोठी दुकानातली चादर.
मोठ्या दुकानातली चादर.

पहिल्यात मोठी काय? चादर. दुसऱ्यात मोठं काय? दुकान. फरक कशानं कळला? ‘ठी’ आणि ‘ठ्या’नं. विशेषण लांब जाऊन बसलं तरी त्याच्या शेपटावरून ते कोणाचं आहे हे आपल्याला समजतं. इंग्रजी विशेषणाला शेपूट नाही. ते कोणाचं, हे ते कुठं उभं आहे त्यावरूनच ओळखायचं. म्हणून तिथं जागेला एवढा मान.

ताणाबाणा

बाई, ‘ठी’ आणि ‘ठ्या’चं उदाहरण बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मग ‘लाल’ला तर शेपूट नाही, ‘लाल दुकानातली चादर’ म्हटलं तर मराठीतही गोंधळ होणारच. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बाई_जुळे_सोलापूर

वहिनींना सांगा, शंभर टक्के बरोबर. तिथं आपणही जागेवरच विसंबतो. ‘दुकानातली लाल चादर’ असं फिरवून घेतो.

राइनकाठचा_सोलापूरकर

बाईंचं बरंचसं पटलं, पण एक खडा टाकतो. गेली नऊ वर्षं मी जर्मनीत आहे. जर्मनमध्ये विशेषणाला शेपूट आहे, मराठीसारखंच, लिंगानुसार बदलणारं. मोठं लाल घर म्हणायचं तर ‘ग्रोसेस रोटेस हाउस’ आणि मोठी लाल चादर म्हणायची तर ‘ग्रोसे रोटे डेके’. तरीही आधी मोठं आणि मग लाल, हा क्रम इंग्रजीसारखाच. म्हणजे शेपूट नाही म्हणून क्रम आला, एवढ्यावर भागत नाही. इंग्रजीला जागेची जास्त गरज आहे हे खरं, पण कोणती जागा कोणाची, हे दुसऱ्याच कशानं तरी ठरतं.

बाई_जुळे_सोलापूर

मान्य. माझ्या उत्तरात अर्धीच गोष्ट होती. विशेषण नामाच्या आधी का हवं, एवढंच त्यातून कळतं. विशेषणांची आपसातली रांग कशी लागते ते त्यात नाही.

शेठ, तुम्हीच एक करून बघा. समोरच्या चादरीवरचं एकेक विशेषण काढत जा. ‘ब्यूटिफुल’ काढलं तर? ते तुमचं मत होतं, शेजारच्या दुकानदाराला ती चादर भिकार वाटत असेल, चादरीला काही फरक पडत नाही. ‘बिग’ काढलं तर? बाजूला त्याहून मोठी ठेवली की ही लहानच होते. ‘रेड’ तिच्या अंगावरच आहे, पण रंगाऱ्यानं निळ्यात बुडवली असती तर निळी झाली असती. ‘सोलापुरी’? ते आता पुसता येत नाही. आणि ‘कॉटन’ काढलं तर हातात काय राहिलं? सूतच गेलं, चादरही गेली.

जे वस्तूच्या हाडामांसात ते नामाला चिकटून, जे बघणाऱ्याच्या डोळ्यात ते सगळ्यात लांब. शाळेत जी यादी पाठ करून घेतात ती हीच : मत, आकारमान, वय, घडण, रंग, कुठलं, कशाचं, कशासाठी, आणि मग नाम. दोन, तीन, या, त्या, माझ्या हे सगळे त्याच्याही पुढे. पोरीनं ‘टू’ सुरुवातीला घेतलं ते त्यामुळे.

पोरीच्या शिक्षकांनी फुली मारली ती चूक नव्हती. पण शेजारी एक ओळ लिहायला पाहिजे होती. वह्यांचे गठ्ठे मी पण घरी आणलेत, रात्री अकरानंतर कारणं लिहायचा हात दुखतो हेही मला माहीत आहे.

पूर्वभागी

बाई, आता माझं ऐका. आमचं घर दाजी पेठेत, घरात तेलुगू. वडील यंत्रमागावर होते. मी मराठी शाळेत गेलो आणि पहिली चार वर्षं नुसता मार खाल्ला. ‘मोठा बाई आली’, ‘चांगला साडी’, ‘काळा गाय’. वर्ग हसायचा. मला कळायचंच नाही की गाईसाठी काळ्याची काळी का करायची, रंग तर तोच आहे!

कारण तेलुगूत मोठा म्हणजे ‘पेद्द’. पेद्द अब्बायि म्हणजे मोठा मुलगा, पेद्द अम्मायि म्हणजे मोठी मुलगी, पेद्द इल्लू म्हणजे मोठं घर, घरं अनेक झाली तर पेद्द इळ्ळू. नाम बदललं, ‘पेद्द’ जागचं हललं नाही.

पाचवीत इंग्रजी आलं. ‘बिग बॉय, बिग गर्ल, बिग हाउस.’ बाकीची पोरं विचारत होती, सर, मुलीसाठी बिगचं काय होतं? मी एकटा गप्प बसलो होतो, कारण मला ते घरचंच वाटलं. वर्गात पहिल्यांदा माझा हात वर गेला तो त्या तासाला.

पण पुढे तेलुगूनंच दगा दिला. नामाच्या मागं गेलं की आमचं विशेषण बदलतं. ‘घर मोठं आहे’ला ‘इल्लू पेद्ददि’, ‘तो मोठा आहे’ला ‘पेद्दवाडु’. इंग्रजीत ‘द हाउस इज बिग’, ‘ही इज बिग’, तिथंही काही बदल नाही. मी ‘ही इज बिग मॅन’, ‘शी इज बिग वुमन’ असं काहीतरी जोडतच राहायचो, कारण मोकळं ‘बिग’ मला उघडंबोडकं वाटायचं.

अक्का_अक्कलकोट_रोड

कन्नडातही तस्संच रे तम्मा. दोड्ड मने, दोड्ड हुडुग, दोड्ड हुडुगी. आणि घर मोठं आहे म्हणायचं तर ‘मने दोड्डदु’. माझं लग्न मराठी घरात झालं, सासूबाई वर्षभर माझ्या ‘चांगला भाकरी’वर हसत होत्या. भाकरी चांगली व्हायची, बोलणं कच्चं.

विजापूर_वेस

आमच्याकडे उलटी तऱ्हा. घरात उर्दू. अच्छा, अच्छी, अच्छे बदलतात, त्यामुळे मराठीचं मोठा-मोठी लगेच जमलं. पण ‘ताज़ा’ आमच्यात बदलत नाही, ताज़ा ख़बर, ताज़ा पानी. मराठीनं तोच शब्द घेतला आणि ताजी बातमी, ताजं पाणी करून टाकलं. ‘जादा’ला मात्र हात लावला नाही. जादा गाडी, जादा पैसे. घेताना काय हिशोब केला असेल?

बाई_जुळे_सोलापूर

हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे, काढाच. पूर्वभागी, तुमचा प्रतिसाद मला तीस वर्षांपूर्वी वाचायला मिळाला असता तर बरं झालं असतं. माझ्या वर्गात अर्धी पोरं अशीच असायची आणि मी सगळ्यांना एकाच मापाचा धडा द्यायचे.

शेंगाचटणी

माझी एक साधी युक्ती. शेवट ‘एलवाय’ म्हणजे क्रियाविशेषण, नाहीतर विशेषण. स्पर्धा परीक्षेला एवढं पुरतं.

राइनकाठचा_सोलापूरकर

नाही पुरत. फ्रेंडली, लव्हली, लोनली ही सगळी विशेषणं आहेत. उलट ‘हार्ड’ दोन्हीकडे चालतं, आणि ‘हार्डली’ म्हटलं की अर्थच पालटतो. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे खपतो, ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे क्वचितच हात हलवतो. शिफारसपत्रात एवढा फरक पुरेसा आहे.

शेंगाचटणी

बरं झालं सांगितलंत. दोन आठवड्यांनी पेपर आहे. मग ‘द चटणी टेस्ट्स वेल’ का चूक? तिथं तर क्रियापदानंतर आलंय.

बाई_जुळे_सोलापूर

चटणी चव घेत नाही हो, चटणीची चव घेतली जाते. गुण चटणीचा सांगायचाय, चाखण्याच्या क्रियेचा नाही. म्हणून ‘टेस्ट्स गुड’. लुक, सीम, फील, स्मेल हे सगळे तसेच. ही क्रियापदं नुसता पूल असतात, अलीकडे नाम आणि पलीकडे त्याचं विशेषण. आपल्याकडे याला विधिविशेषण म्हणतात, नामाआधी येतं ते अधिविशेषण.

होटगीरोड

मुलाखतीचा किस्सा सांगतो, स्वतःचाच. पुण्यात एका कंपनीत विचारलं, गावी सुट्टीत काय करता? मी ठणकावून सांगितलं, ‘सर, आय अ‍ॅम व्हेरी बोरिंग इन हॉलिडेज.’ पॅनेलमधल्या मॅडम म्हणाल्या, ‘वी विल टेक युअर वर्ड फॉर इट.’ मी थँक यू म्हटलं! बाहेर आल्यावर मित्रानं अर्थ सांगितला. नोकरी लागली नाही, त्याचं कारण हेच होतं की नाही देव जाणे.

पूर्वभागी

हाहाहा. ‘थँक यू’वर खुर्चीतून पडलो.

बाई_जुळे_सोलापूर

होटगीरोड, यात तुमच्या मराठीचाही हात आहे. आपण म्हणतो ‘मला कंटाळा आला’. कंटाळा हे नाम, ते माझ्याकडे चालत येतं. तशीच भूक लागते, तहान लागते, राग येतो, भीती वाटते. इंग्रजीत हेच विशेषणानं सांगतात : हंग्री, थर्स्टी, अँग्री, अफ्रेड, बोर्ड. मराठी माणूस भाषांतर करायला बसला की आधी नामाचं विशेषण करावं लागतं, आणि त्या घाईत ‘बोर्ड’ऐवजी ‘बोरिंग’ उचललं जातं.

खरं तर जोडी आपल्याकडेही आहे. कंटाळवाणा आणि कंटाळलेला. दमवणारा आणि दमलेला. ‘मी कंटाळवाणा आहे’ असं मराठीत तुम्ही जन्मात म्हणाला नसता. ‘आयएनजी’वालं म्हणजे ‘वाणा’, ‘ईडी’वालं म्हणजे ‘लेला’. एवढं लक्षात ठेवलं की पुन्हा चूक होणार नाही.

ताणाबाणा

वाणा आणि लेला! हे दुकानाच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

राइनकाठचा_सोलापूरकर

बाईंच्या ‘अफ्रेड’वरून आठवलं. अस्लीप, अलाइव्ह, अफ्रेड, अलोन ही मंडळी नामाच्या आधी बसत नाहीत. ‘द बेबी इज अस्लीप’ चालतं, ‘अन अस्लीप बेबी’ चालत नाही, तिथं ‘स्लीपिंग बेबी’ लागतं. मला हे फार वर्षं नुसतं पाठ होतं. मग एकदा कळलं की ‘अस्लीप’मधला आणि ‘अलाइव्ह’मधला ‘अ’ म्हणजे जुन्या इंग्रजीतला ‘ऑन’. अस्लीप म्हणजे मुळात ‘झोपेत’. आता मराठीत म्हणून बघा. ‘बाळ झोपेत आहे’ ठीक. ‘झोपेत बाळ’? नाही जमत, ‘झोपेतलं बाळ’ किंवा ‘झोपलेलं बाळ’ म्हणावं लागतं. म्हणजे अडचण आपल्याकडेही तीच.

अक्का_अक्कलकोट_रोड

हे झकास. नातीला उद्याच सांगते.

कडकभाकरी

मी गप्प बसणार होतो पण राहवत नाही. शेठ, तुमच्या पानावर मी जाऊन आलो. ‘नाइंटी इंचेस लाँग चादर’ लिहिलंय, अन् दुसरीकडं ‘टू पीसेस सेट’. हे बरोबर आहे का? विचारतोय, टोमणा नाही.

बाई_जुळे_सोलापूर

बघा, भाकरी मऊ पडली! कडकभाकरी, नजर चांगली आहे. नामाआधी विशेषण म्हणून बसलं की मोजमापाचा ‘एस’ गळतो आणि मध्ये जोडरेघ येते : ‘नाइंटी-इंच-लाँग’, ‘टू-पीस सेट’. पाच रुपयांची नोट ‘फाइव्ह-रुपी’ होते, दहा वर्षांचा मुलगा ‘टेन-यिअर-ओल्ड बॉय’. आपण ‘रुपयांची’ म्हणताना अनेकवचन पण ठेवतो आणि वर ‘ची’ पण लावतो. इंग्रजी नामाला विशेषण करताना काहीच लावत नाही, उलट काढून घेते. म्हणूनच ‘शू शॉप’, ‘शूज शॉप’ नव्हे. आपल्या शहरात दुसरंच जास्त दिसतं. अपवाद आहेत, ‘स्पोर्ट्स शूज’ आणि ‘क्लोद्स शॉप’ तसेच राहतात.

नामाच्या मागं गेलं की ‘एस’ परत येतो. ‘द चादर इज नाइंटी इंचेस लाँग’ अगदी बरोबर.

ताणाबाणा

दोन्ही दुरुस्त केले. आता एक व्यवहाराचं. इतक्या विशेषणांमध्ये स्वल्पविराम कुठं द्यायचा? पोरगी म्हणते देऊच नका.

राइनकाठचा_सोलापूरकर

मध्ये ‘अँड’ घालून बघा. ‘थिक अँड सॉफ्ट चादर’ कानाला बरं वाटतं, जागा अदलाबदल केली तरी चालते, म्हणजे दोन्ही एका पंगतीतले. तिथं स्वल्पविराम द्या. ‘रेड अँड कॉटन चादर’ विचित्र वाटतं, म्हणजे पंगती वेगळ्या. तिथं काही नको. पोरीच्या वाक्यात सगळेच वेगळ्या पंगतीचे आहेत, त्यामुळे तिचं बरोबर.

आणि नियम डोक्यावर घेऊन नाचू नका. ‘बिग बॅड’ म्हणतात तेव्हा आकारमान मताच्या आधी येतंच. मुद्दाम जोर द्यायचा असेल तर क्रम मोडतोही. तुमच्याकडे लहान आणि मोठ्या सोलापुरी चादरी पडल्या असतील तर मराठीत तुम्ही ‘सोलापुरी मोठी द्या’ म्हणालच की.

पूर्वभागी

शेठ, ‘सोलापुरी’ शब्दाला जपा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. बाकी विशेषणं कोणीही कुठल्याही मालाला लावावीत, ब्यूटिफुलवर कोणाचा ताबा नाही. ‘सोलापुरी’ मात्र इथं विणल्याशिवाय लावता येत नाही. वडिलांनी त्यासाठी मागाच्या खडखडाटात एक कान घालवला.

बाई_जुळे_सोलापूर

आणि ते लिहिताना पहिलं अक्षर मोठ्या लिपीतलं. गावावरून, देशावरून आलेलं विशेषण इंग्रजीत नेहमी कॅपिटलनं सुरू होतं. आपल्याकडे लहान-मोठी अक्षरंच नसल्यामुळे हे हटकून विसरतं.

ताणाबाणा

सगळ्यांचे आभार. काल रात्री पोरीला बसवून ‘ठी’ आणि ‘ठ्या’पासून सुरुवात केली. तिला जर्मन शेपूट सगळ्यात आवडलं. ‘ब्यूटिफुल’ तिनंच काढून टाकलं, म्हणाली, पप्पा, ते गिऱ्हाइकाला ठरवू दे. शेवटी लेबल ठरलं ते असं : ‘टू लार्ज रेड सोलापुरी कॉटन चादर्स’. अशोक चौकातल्या छापखान्यात पाचशे टाकली.

ताणाबाणा (दोन दिवसांनी)

लेबलं आली. क्रम बरोबर, ‘एस’ बरोबर, स्वल्पविराम नाही. ‘सोलापुरी’चा ‘एस’ लहान पडलाय. बाईंनी सांगितलेलं मी छापखान्यात सांगायला विसरलो. पोरगी समोर लाल पेन घेऊन बसलीय, एकेका लेबलावर गोल करतेय, आणि शेजारी कारण पण लिहितेय. आतापर्यंत चाळीस झाली.

कडकभाकरी

तिला म्हणावं थांब. पेनानं तो ‘एस’ मोठा करता येतो. मी येलालोय, दोन पेन आणतो.